मिनिटभर गाडी चालू ठेवा

आमच्याकडं नवीन गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "मालक कुठंयत?"

"खाली," मी म्हणते.

माणूस बिचारा जमिनीकडं बघतो. तेवढ्यात खड्ड्यातून कोपरापर्यंत काळा झालेला एक हात वर येतो, चाचपडत पाना घेतो आणि परत आत जातो. मग त्याला कळतं की मालक आहेत, पण बोलायचं ते या बाईशीच. काहींचं तोंड तिथंच उतरतं. बाईला इंजिनातलं काय कळणार, असं त्यांच्या मनात असतं; मोठ्यानं म्हणत नाहीत एवढंच. मीही मनात म्हणते, बस बाबा खुर्चीवर, पाच मिनिटांत तुझीच शाळा घेते.

तिसगावात हायवेला लागून आमचं पत्र्याचं शेड आहे. मध्ये खड्डा, त्याच्यावर गाडी उभी करायची, कडेला ऑइलच्या कॅनची मांडणी आणि माझी खुर्ची. तीस वर्षं आम्ही दोघं इथं गाड्यांचं इंजिन ऑइल बदलतोय. या अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी म्हटलं, अहो, यात लिहायचं काय? काळं तेल खाली सोडायचं, सोनेरी तेल वरून ओतायचं, संपला धंदा. पण मग मेस्त्री म्हणाले, "लिही की." आमच्या मेस्त्रींनी आपण होऊन दोन शब्द बोलणं ही मोठी गोष्ट आहे, म्हणून बसले लिहायला.

मेस्त्री म्हणजे माझे यजमान. हात सोन्याचा, तोंडाला मात्र कुलूप. लग्न झालं तेव्हा ते एकटेच काम करायचे. पुढं कॅनवर बारीक इंग्रजी अक्षरं यायला लागली आणि त्यांची पंचाईत झाली, कारण त्यांची शाळा सातवीतच सुटलेली. मी पाथर्डीला बारावीपर्यंत शिकलेली. मी कॅन हातात घेऊन मोठ्यानं वाचायची, ते मान हलवायचे. वाचता वाचता मला कळायला लागलं आणि कळायला लागल्यावर माझं तोंड सुटलं ते सुटलंच. तेव्हापासून वाटणी पक्की आहे. कोणतं तेल घालायचं हे मी वर बसून ठरवते, जुनं तेल ते खालून काढतात.

खड्ड्यावर इंजिन धडधडत असताना माणसाचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून मेस्त्रींनी एक पद्धत पाडली. खड्ड्याच्या कडेला लोखंडी पट्टी आहे, तिच्यावर पान्यानं वाजवायचं. एकदा टण म्हणजे हो, बरोबर आहे. दोनदा टण-टण म्हणजे थांब, नको. तीनदा वाजलं की चहा. खरं सांगायचं तर तीनदाच सगळ्यांत जास्त वाजतं. आता इंजिन बंद असलं तरी ते पट्टीच वाजवतात. बोलायचा तेवढाच त्रास वाचला, दुसरं काय!

आता थोडं तेलाविषयी. कॅनवर लिहिलेलं असतं पंधरा डब्ल्यू चाळीस, नाहीतर पाच डब्ल्यू तीस. पुढचा आकडा थंड इंजिनासाठी. तो जितका लहान, तितकं तेल गारठ्यात लवकर पळतं. मागचा आकडा तापलेल्या इंजिनासाठी, म्हणजे गरम झाल्यावर तेल किती घट्ट राहतं ते. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. आमच्याकडं एक रिटायर गुरुजी येतात, ते डब्ल्यू म्हणजे वेट, वजन, असंच धरून बसलेत. तीस वर्षं पोरांच्या चुका काढलेला माणूस. त्याची चूक मी काढायची म्हणजे संकटच. शेवटी मी म्हटलं, "गुरुजी, तुमच्यापुरतं वजन. पण कॅन मी सांगते तोच घ्या."

दुसरं एक दुखणं काळ्या तेलाचं. डिझेल गाडीत आज तेल बदललं की चार दिवसांत काळं होतं. मग गिऱ्हाईक डिपस्टिक, म्हणजे तेल बघायची सळई, नाचवत येतं, "काकू, डुप्लिकेट तेल दिलं!" अरे बाबा, इंजिनातली काजळी ते स्वतःच्या अंगावर घेतंय, म्हणून काळं झालंय. महिनाभर चालवून तेल पिवळंधमक राहिलं तर काळजी कर. एकाला मी विचारलं, "तुझा शर्ट शेतातून आल्यावर पांढरा असतो का?" त्याची बायको शेजारी होती. तीच हसत सुटली.

आणि टर्बो. जुन्या टर्बोच्या गाड्या आमच्या भागात लई. पुण्यात म्हातारी झालेली गाडी इकडं येऊन नवरी होते. हार काय, लिंबू-मिरची काय, मागच्या काचेवर आई-वडिलांचा आशीर्वाद काय! पण आत टर्बो म्हणून काही आहे आणि त्याची मर्जी सांभाळावी लागते, हे फार थोड्यांना माहीत असतं. टर्बो म्हणजे गोगलगाईच्या आकाराचं लोखंडी भांडं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर त्यातला एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरा पंखा असतो, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून गाडी घाट चढते. हा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल पोचवतो इंजिनाचा पंप. म्हणजे इंजिन बंद झालं की पंप बंद, तेल बंद. पंखा मात्र आपल्या नादात फिरतच राहतो, तोही लालबुंद तापलेला आणि कोरडा.

म्हणून लांबून, घाटातून आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही. मिनिटभर तशीच हळू चालू ठेवायची, म्हणजे पंखा मंदावतो, गार होतो. ड्रायव्हर लोकांना घड्याळ दाखवून उपयोग नसतो, म्हणून मी त्यांच्या मापात सांगते, "एक चिमूट तंबाखू मळून होईपर्यंत चावी फिरवायची नाही." हे माप मात्र सगळ्यांच्या डोक्यात बसलं.

पण मिनिट म्हणजे मिनिटच. आमच्याकडं एक उगवते पुढारी येतात, पांढरी गाडी, पांढरे कपडे. ते शेडसमोर एसी लावून अर्धा-अर्धा तास गाडी चालू ठेवून फोनवर बोलत बसतात. गाडी उगाच उभी चालू ठेवली की इंजिन नीट तापत नाही, काजळी धरते, डिझेल तेलात उतरतं, चांगल्या तेलाची वाट लागते. मी काचेवर टकटक करून सांगते, "साहेब, तालुक्याचं नंतर बघा, आधी तेलाचं बघा." आता ते माझ्या दारात आले की आधी चावी काढतात.

इतकं सगळं जिला कळतं, तिनं चूक कशी केली ते आता सांगते.

रंगनाथ अण्णा आमच्यापासून दोन-तीन कोसांवरच्या गावातले. जन्म गेला कारखान्याला ऊस वाहणारा ट्रक चालवण्यात. काम सोडल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल गाडी आणली, सात माणसं बसणारी, टर्बोची. हौसेला घेतली आणि वर्षाच्या आत तीच गरजेची झाली. त्यांच्या बायकोच्या, जनाकाकूंच्या, दोन्ही किडन्या गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी नगरला डायलिसिस. काकू त्याला 'रगत धुवायला जायाचं' म्हणायच्या. परत येताना त्यांना उभं राहवत नसे, उलट्या व्हायच्या, एसटीचा प्रश्नच नव्हता. ती गाडी चालली तर काकूंचं रक्त धुतलं जाणार, नाहीतर नाही, इतकं साधं होतं ते.

काकू अंगानं एवढ्याशा, जीभ मात्र तिखट. पहिल्यांदा आल्या तेव्हा खड्ड्यात पडणारी काळी धार बघून मला म्हणाल्या, "मंदा, ह्या गाडीचं आन् माझं एकच दुखनं बघ. फक्त हिचं सहा म्हैन्यानं बदलत्यात, माझं दर मंगळवारी आन् शुक्करवारी."

अण्णांना जुन्या ट्रकवाल्यांची एक खोड होती, शेवटची रेस. गाडी उभी केली की बंद करायच्या आधी ॲक्सिलेटर दाबून एकदा जोरात घुर्रर्र करायचं आणि त्या आवाजातच चावी फिरवायची. आमच्या भागात ही खोड घरोघर आहे. शेवटची रेस दिली की सकाळी गाडी पटकन चालू होते, असा समज. रस्त्यानं कुणी पाहुणा आला हे आख्ख्या गल्लीला कळतं, तो फायदा वेगळाच. जुन्या ट्रकांना चालून गेलं. टर्बोला मात्र यासारखा छळ नाही. पंख्याला जोरात पळायला लावायचं आणि त्याच क्षणी त्याचं तेल तोडायचं! मी अण्णांना शंभरदा सांगितलं असेल. ते म्हणायचे, "व्हय व्हय," आणि निघताना घुर्रर्र.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर अण्णा ऑइल बदलायला आले. मी पंधरा डब्ल्यू चाळीसचा कॅन काढला. अण्णा म्हणाले, "ह्यो नको. चाळीस नंबर द्या, पलेन, नुसतं चाळीस. घट्ट वालं."

"अण्णा, ते जुन्या ट्रॅक्टरला, पाण्याच्या इंजिनाला. तुमच्या गाडीला टर्बो आहे. सकाळच्या गारठ्यात ते तेल वरपर्यंत पोचायला उशीर लागतो."

"म्हाताऱ्या इंजिनाला घट्टच लागतं. माझ्या टरकाला जलमभर चाळीस नंबर हुतं. काय झालं त्याला?"

अर्धा तास आमची जुंपली. मी समजावते, ते मान हलवतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेवटी म्हणाले, "ताई, तुमी कॅनवरचं वाचता. आमी गाडी चालवतो."

झालं! माझं डोकं सणकलं. बारावी झालेली बाई, तीस गावची माणसं सल्ल्याला येतात आणि हे म्हणतात नुसतं वाचते. मी चाळीस नंबरचा कॅन मांडणीवरून खाडकन खाली ओढला. "घ्या तुमच्या मनासारखं! उद्या म्हणालात तर एरंडेल ओतीन."

खड्ड्यातून वाजलं, टण-टण.

मी झाकण उघडलं. पुन्हा टण-टण, या वेळी जोरात.

"ऐकू आलं मला," मी खाली वाकून म्हटलं. "त्यांना हवंय, तर घेऊ दे." आणि ओतलं. मध ओतल्यासारखं सावकाश जात होतं ते. तेव्हाही माझा हात थांबला नाही. मला माहीत नव्हतं असं नाही. मला माहीत होतं आणि मी रागाच्या भरात तेल घातलं.

तीनेक आठवड्यांनी शुक्रवारी सकाळी अण्णांचा फोन आला. कडाक्याची थंडी होती. पहाटे गाडी चालू करून, थंड इंजिनालाच सवयीनं दोन-चार रेस देऊन ते काकूंना घेऊन निघाले. करंजी घाटात दुसऱ्या वळणावर आधी शिट्टीसारखा आवाज आला आणि मग मागं पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट. टर्बो गेला होता. टर्बो फुटला की कधीकधी इंजिन त्यातून आलेलं स्वतःचंच तेल पिऊन पळत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही. तसंच झालं. पण माणूस ट्रकवाला. त्यांनी ब्रेक दाबून धरला, वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडून इंजिनाचा गळा आवळला. दुसरा कुणी असता तर काय झालं असतं, मला विचारही करवत नाही.

काकू घाटातल्या कठड्यावर तासभर बसून होत्या. मग कांद्याचा एक टेम्पो थांबला, त्यात बसून दोघं नगरला पोचले. काकूंची डायलिसिसची वेळ निघून गेली होती. दुपारी उशिरा घेतलं म्हणे, तोवर काकूंना धाप लागलेली.

हे सगळं मला नंतर कळलं. फोनवर अण्णा एवढंच म्हणाले, "ताई, गाडी घाटात हाय. माझंच चुकलं. तुमी सांगत हुता."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "अण्णा, चूक माझी आहे. ते तेल तुमच्या गाडीला चालत नाही हे मला माहीत होतं. मी द्यायलाच नको होतं." फोन ठेवून मी खड्ड्याकडं आले. मेस्त्री पाना पुसत बसले होते, पुसून झालेलाच पाना.

"मी दोनदा वाजवलं हुतं," ते म्हणाले.

तेवढंच. वर्षाला चार वाक्यं बोलणाऱ्या माणसाचं एक वाक्य किती लागतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. मी त्या दिवशी जेवले नाही.

टर्बो खोलला तेव्हा आतला दांडा निळा पडला होता, त्याच्यावर ओरखडे. नुसतं जाड तेलच कारण नव्हतं. शेवटच्या रेसनं तो आधीच अर्धा खाल्ला होता, तेलानं उरलेला संपवला. नगरला टर्बो दुरुस्त होऊन यायला आठवडा लागणार होता, आणि मंगळवार-शुक्रवार काही थांबणार नव्हते. आमच्याकडं सामान आणायची छोटी पिकअप आहे. मी अण्णांना म्हटलं, ही घ्या, मी पण येते. मन लागत नव्हतं माझं.

अण्णा चालवायला, काकू खिडकीशी, मी मध्ये. घाट संपला. मग काकू मला म्हणाल्या, "मंदा, यांला सांग, तिकडची काच वर घे म्हनावं."

मी सांगितलं. अण्णांनी काच वर घेतली आणि मला म्हणाले, "तिला इचार, पानी पायजे का."

मी आधी हसले, नंतर चमकले. नगर येईपर्यंत मी टपालखातंच झाले होते. दवाखान्यात काकूंच्या हाताला नळ्या लागल्यावर मी हळूच विचारलं, "काकू, भांडण आहे का हो?"

"न्हाई गं माय. भांडन काय घेऊन बसलीस? भांडायला बोलावं लागतं." काकूंना हसू आलं. "ह्यो मानूस म्हैना-म्हैना टरकावर. घरी आला की झोपायचा. मंग पोरं बोलायची, पाव्हनं बोलायचं. आमी दोघं बोलावं अशी येळच आली न्हाई. आता पोरं गेली पुन्याला. सवयच न्हाई लागली, त्याला कोन काय करील?"

टर्बो बसवून गाडी तयार झाली तेव्हा दोघंही आमच्या शेडमध्ये होते. मी पंधरा डब्ल्यू चाळीस ओतलं. खालून टण, एकदा. मग मी अण्णांसमोर उभी राहिले. "आता नीट ऐका. सकाळी चालू केली की रेस द्यायची नाही, तेलाला वर पोचू द्यायचं. आणि थांबलात की शेवटची रेस बंद. मिनिटभर नुसती चालू ठेवायची."

"मिनिट मोजायचं कसं?"

"तंबाखू मळून होईपर्यंत."

अण्णांचा चेहरा पडला. "तंबाखू सोडली मी. हिचं दुखनं निघालं तवा हिनं पोराच्या तोंडून शपत घातली."

आता आली का पंचाईत! माझं माप तंबाखूचं, आणि या माणसाकडं तंबाखूच नाही. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मग काकूंशी बोला मिनिटभर."

अण्णा टर्बोपेक्षा जास्त तापले. "काय बोलू?"

"काहीही बोला. मी काय तेही कॅनवरचं वाचून दाखवू?"

काकू पदरात तोंड घालून हसत होत्या. "बोला की, गाडीसाठी तरी बोला," त्या म्हणाल्या. लग्नानंतर त्यांनी नवऱ्याला समोरासमोर केलेली ही पहिली फर्माईश असावी.

मी दोघांना गाडीत बसवून इंजिन चालू करायला लावलं आणि घड्याळ बघत उभी राहिले. दोघं पुढं बघत बसलेली, फोटो काढायला बसल्यासारखी. अर्धं मिनिट गेलं. अण्णांनी घसा साफ केला.

"ऊन हाय आज," ते म्हणाले.

"हाय," काकू म्हणाल्या.

मिनिट झालं, मी हातानं खूण केली आणि अण्णांनी रेस न देता चावी फिरवली. इंजिन कसं गपकन निजलं. खड्ड्यातून एकदा टण.

त्यानंतर दर शुक्रवारी नगरहून परत जाताना ते आमच्याकडं थांबायचे. मी डिपस्टिक काढून तेल बघायची, काकू कोरा चहा घोटभर घ्यायच्या. जास्त पाणी त्यांना चालत नसे. आणि माझ्या खुर्चीतून मला ते मिनिट दिसायचं. पहिल्या महिन्यात उन्हावर आणि वाऱ्यावर भागलं. मग शेळीवर आले. मग सुनेवर. सुनेवर आल्यावर मिनिट पुरेनासं झालं. एकदा तर काकू हातवारे करून काहीतरी सांगतायत आणि अण्णा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसतायत, पाच मिनिटं झाली तरी गाडी आपली चालूच.

मी शेडमधून ओरडायची, "अण्णा, मिनिट झालं! तेलाची काजळी करता का?"

"झालं, झालं," अण्णा म्हणायचे. काकू काच खाली करून मला दटावायच्या, "तुला काय गं घाई? तूच औषद दिलं ना?"

"औषध मापात घ्यायचं असतं, काकू."

दर शुक्रवारचं हे नाटक झालं होतं. मी "मिनिट झालं" ओरडल्याशिवाय अण्णा चावी फिरवेनात. मेस्त्रीसुद्धा खालून हसायचे, दिसायचं नाही पण मला कळायचं. टर्बो मात्र असा काही टिकला की विचारू नका. साडेतीन वर्षं त्या गाडीनं एकही मंगळवार चुकवला नाही, एकही शुक्रवार चुकवला नाही. आमच्या हातून गेलेल्या एवढ्या गाड्यांत मला या एका गाडीचा अभिमान आहे आणि लाजही हिच्यापायीच वाटते.

यंदाच्या आषाढात जनाकाकू गेल्या. गाडीत नाही, घाटात नाही, घरी, झोपेत. मातीला आम्ही दोघंही गेलो होतो. अण्णा कुणाशी बोलले नाहीत.

नंतर दोन महिने त्यांची गाडी दिसली नाही. मंगळवारी, शुक्रवारी हायवेवर तसा आवाज आला की मी मान वर करायची आणि दुसरीच गाडी निघायची. मला वाटलं, विकली असेल. कुणासाठी ठेवतील?

मग भाद्रपदात, शुक्रवारीच, दुपारी ती आली. ऑइल बदलायला झालं होतं. अण्णांनी गाडी खड्ड्याजवळ आणून उभी केली. डावी सीट रिकामी. मेस्त्री खड्ड्यात उतरून वाट बघत होते. मी नवा कॅन काढून ठेवला.

इंजिन चालू होतं. एक मिनिट झालं, दोन झाली. अण्णा काही चावी फिरवेनात. माझ्या जिभेवर सवयीनं शब्द आले, उठलेसुद्धा मी खुर्चीतून, "अण्णा, मिनिट..."

खड्ड्यातून वाजलं, टण-टण.

मी जागच्या जागी थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पहिल्याच वेळी ऐकलं. मग मला दिसलं. अण्णांचं तोंड डाव्या सीटकडं होतं आणि ओठ हलत होते. सावकाश, मध्येच थांबून, जणू पलीकडून उत्तर येतंय. गाडी अजून खड्ड्यावर आली नव्हती, कडेलाच होती, म्हणून मेस्त्रींना अण्णांचं बोलणं ऐकू येत असणार. अण्णा काय बोलत होते ते मी आजवर विचारलेलं नाही आणि मेस्त्रींनीही सांगितलं नाही.

मी परत खुर्चीत बसले. रडू आवरत नव्हतं, म्हणून मांडणीवरचे कॅन उगाच पुसत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी इंजिन बंद झालं, रेस न देता. अण्णा उतरले, माझ्यापाशी आले, टोपी काढून हातात फिरवत राहिले. चूक करून आलेल्या पोरासारखे माझ्याकडं न बघता म्हणाले, "ताई, एक इचारायचं हुतं."

"विचारा की."

"मिनिटापेक्षा जास्त चालू ऱ्हायली गाडी... तर चालतं का? तेलाला काय व्हत न्हाई ना?"

काजळी धरते. डिझेल तेलात उतरतं. चांगल्या तेलाची वाट लागते. तीस वर्षं मी हे प्रत्येकाला ओरडून सांगत आलेय, पांढऱ्या गाडीवाल्या पुढाऱ्यालासुद्धा सोडलं नाही. एकदा रागाच्या भरात चुकीचं तेल दिलं, त्यानंतर तेलाबाबत मी खोटा शब्द काढलेला नव्हता.

"काही होत नाही अण्णा," मी म्हटलं. "कितीही वेळ चालू ठेवा."

आणि मी खड्ड्याकडं कान देऊन उभी राहिले, आता दोनदा वाजणार म्हणून.

एकदाच वाजलं.